नाण्याचा चेहरा पुसट का होतो? ठशाची झीज आणि आपल्या खिशातली नाणी



घरातली एक-एक, दोन-दोन रुपयांची दहा-वीस नाणी गोळा करा आणि खिडकीजवळ उजेडात मांडा. शक्य असेल तर एकाच सालाची निवडा. आता सिंहमुद्रेच्या खाली बघा. तिथे बारीक अक्षरांत ‘सत्यमेव जयते’ असतं. काही नाण्यांवर ते स्वच्छ वाचता येईल. काहींवर त्याची नुसती जाडसर रेघ झालेली दिसेल. एखाद्या नाण्यावर तर तिथे काही लिहिलं होतं की नाही, अशीच शंका येईल.

असं का, असं वर्गात विचारलं तर एकच उत्तर येतं, “सर, नाणं वापरून वापरून घासलं.” उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. कारण टांकसाळीतून आजच बाहेर पडलेलं, कुणाच्या हाताला न लागलेलं नाणंसुद्धा असं पुसट असू शकतं. त्या नाण्याच्या बाबतीत घासलेलं असतं ते नाणं नाही, तर नाणं पाडणारा ठसा.

या दोन गोष्टींतला फरक कळणं हा नुसता छंदाचा विषय नाही. सीबीएसच्या स्टॉपवर, शालिमारला, भाजीच्या गाडीवर रोज कुणीतरी कुणाचं तरी नाणं परत करतं, “हे चालणार नाही, नकली वाटतंय.” परत मिळालेले पाच-दहा रुपये ज्याच्या दिवसभराच्या कमाईतले असतात, त्याला ते जड जातं. म्हणून आज जरा सविस्तर बघू.

आधी एक गैरसमज दूर करतो. नाशिकची मुलं हमखास म्हणतात की नाणी आपल्या नाशिकरोडला बनतात. नाही. नाशिकरोडला १९२५ पासून इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे आणि १९२८ पासून करन्सी नोट प्रेस. तिथे छपाईचं काम होतं. नोटा, तिकिटं, मुद्रांक वगैरे. नाणी ‘छापत’ नाहीत, ‘पाडतात’, आणि त्यासाठी आपल्या देशात चार टांकसाळी आहेत : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. मुंबईची टांकसाळ फोर्टात, रिझर्व्ह बँकेच्या समोरच आहे. ती आणि नाशिकरोडचे दोन्ही छापखाने आज एकाच सरकारी महामंडळाखाली येतात, म्हणून गोंधळ होत असावा.

आता नाणं पडतं कसं ते बघा. शाळेच्या ऑफिसातला रबरी शिक्का तुम्ही पाहिलाय. त्यावर अक्षरं उलटी आणि उठावाची असतात. नाण्याच्या ठशावर अक्षरं उलटी, पण खोलगट असतात. ठसा कडक पोलादाचा. असे दोन ठसे, एक खाली, एक वर. मध्ये धातूची कोरी चकती. चकतीभोवती एक पोलादी कडं. वरचा ठसा प्रचंड दाबाने खाली येतो, चकतीचा धातू थंडच असतो पण त्या दाबाखाली तो अक्षरशः वाहतो, कणकेचा गोळा साच्यात दाबल्यावर पसरतो तसा. ठशाच्या खोलगट भागात धातू शिरतो आणि तिथे नाण्यावर उठाव येतो. बाहेर पसरू पाहणाऱ्या धातूला कडं अडवतं. एका ठोक्यात दोन्ही बाजू तयार.

सातपूर किंवा अंबडला ज्यांचे आईवडील काम करतात त्यांना हे ओळखीचं वाटेल. प्रेस शॉपमध्ये पत्र्याचे पार्ट काढतात तेव्हा हेच असतं, आणि ठशाला तिथे सरळ ‘डाय’ म्हणतात. डाय बोथट झाली की पार्ट खराब यायला लागतो, मग ती टूल रूमला जाते. हे वाक्य तुमच्या बाबांनी घरी कधीतरी म्हटलं असेलच. नाण्याचंही तेच.

ठसे हाताने एकेक कोरत नाहीत. मूळ आकृतीवरून एक उठावाचा पंच बनतो, तो पोलादात दाबून मुख्य ठसा, त्यावरून पुन्हा कामाचे पंच आणि त्या पंचांवरून कामाचे ठसे. म्हणजे कामाचे सगळे ठसे जन्मतः जवळपास सारखेच. एकाच सालच्या, एकाच टांकसाळीच्या नाण्यांत जो फरक दिसतो तो बहुतेक वेळा ठशाच्या वयाचा फरक असतो. (पंचालाच खोट आली तर मात्र त्यावरून काढलेल्या प्रत्येक ठशात ती उतरते. पण ते क्वचित.)

यंत्र मिनिटाला शेकडो नाणी पाडतं. मिनिटाला ६०० धरली तर तासाला ३६,००० आणि आठ तासांत २,८८,०००. हा आपला फक्त हिशेब आहे, पण त्यावरून अंदाज येतो. एक ठसा काही लाख ठोके खातो आणि निकामी होतो. म्हणजे सतत काम दिलं तर ठशाचं आयुष्य काही दिवसांचं. धातू कडक असेल तर ते आणखी कमी. पूर्वीची पाच-दहा-वीस पैशांची अ‍ॅल्युमिनियमची हलकी नाणी आठवतात का? तुम्हाला नाही आठवणार, आजीला विचारा. ती मऊ होती. १९९२ पासून एक रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं झालं, ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. स्टील गंजत नाही, स्वस्त पडतं, पण ठशाला मात्र ते छळतं. चकत्या आधी तापवून नरम करतात, ठशावर क्रोमियमचा पातळ थर देतात, तरी झीज व्हायची ती होतेच.

आता मुख्य मुद्दा. ठसा झिजतो म्हणजे नेमकं कुठे झिजतो?

ठोका पडतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो. सरकताना ठशाच्या पृष्ठभागाला घासतो. रामकुंडाकडे उतरणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या आठवा. जिथून माणसं चालतात तिथेच पायरी खोलगट होते, कोपरा तसाच राहतो. ठशातही जिथे धातूची वर्दळ जास्त, तिथे झीज जास्त, म्हणजे कडेच्या बाजूला आणि अक्षरांच्या बुडाशी. लाखो वेळा धातू एकाच दिशेने घासून गेला की ठशावर केंद्रापासून कडेकडे जाणारे अतिसूक्ष्म चरे पडतात. त्या चऱ्यांतही पुढच्या नाण्याचा धातू शिरतो, आणि नाण्यावर बारीक उठावाच्या रेषा येतात, सूर्यकिरणांसारख्या. कोरं नाणं बोटांत धरून हळूहळू फिरवलं की चमक चाकाच्या आऱ्यांसारखी गरगर फिरते ना? ती या रेषांमुळेच. थोड्या असल्या तर त्या नाण्याला शोभा आणतात. ठसा फार म्हातारा झाला की मात्र पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो, अक्षरं फुगतात, त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात आणि अक्षरांचे पाय काठाकडे ओढल्यासारखे दिसतात. ‘भारत’ मधला ‘भ’ जाड होतो, सालातल्या आकड्यांचे पोकळ भाग बुजत जातात.

वापरून झिजलेल्या नाण्यात हे नेमकं उलट असतं. खिशात, गल्ल्यात, हातात नाणं घासतं ते त्याच्या सगळ्यांत उंच भागाला. म्हणून आधी सिंहांची आयाळ, छाती सपाट होते. अंकाचा माथा गुळगुळीत होतो. खोलगट भाग, म्हणजे नाण्याची मोकळी जमीन, बराच काळ वाचते. आणि घासलेल्या जागेची चमक निराळी असते, तेलकट, आरशासारखी सपाट. तिथे किरणांसारख्या रेषा नसतात.

तेव्हा पुसट नाणं हाती आलं की पहिला प्रश्न ‘किती पुसट’ हा नाही, ‘कुठे पुसट’ हा विचारायचा. उंच भाग गेलाय पण अक्षरांच्या कडा धारदार आहेत, तर नाणं फिरलेलं. उंच भाग ठीक आहे पण अक्षरं सुजल्यासारखी आणि जमीन खडबडीत, तर ठसा म्हातारा. अर्थात म्हाताऱ्या ठशातून निघून वर दहा वर्षं बाजारात फिरलेलं नाणंही असतं, तिथे दोन्ही खुणा एकावर एक असतात. मग जरा डोकं चालवावं लागतं.

दुसरी युक्ती याहून सोपी. ठशात जे खोल, ते नाण्यावर उंच. हे एक वाक्य पाठ करा, बाकी सगळं त्यातून निघतं. तुमच्या नाण्यावर एक वाकडीतिकडी रेघ आहे समजा. नख फिरवा. नख अडकून खाली गेलं तर तो ओरखडा, नाणं पडल्यानंतरचा. नखाला रेघ उंच लागली तर ती जन्मखूण. ठशाला तडा गेला होता, त्या तड्यात धातू शिरला. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की एका क्षणी तुटते. तशीच लाखो ठोक्यांनी पोलादाला थकवा येतो. तडा बहुधा एखाद्या अक्षरापासून सुरू होतो आणि काठापर्यंत जातो. पुढे ठशाचा तेवढा टवकाच उडाला तर नाण्यावर त्या जागी कोरा फुगवटा येतो, अक्षर नाहीच. अशी नाणी नाणेसंग्राहक आवडीने ठेवतात.

कधी चकती मध्ये यायची राहते आणि दोन ठसे एकमेकांवरच आदळतात. मग एका ठशाची पुसट सावली दुसऱ्यावर उमटते आणि त्यानंतरच्या प्रत्येक नाण्यावर सिंहांच्या मागे मागच्या बाजूच्या अंकाची भुतासारखी रेघ दिसते.

टांकसाळीतले कारागीर ठसा लगेच फेकत नाहीत. ओरखडे, सावल्या घालवायला तो घासून पॉलिश करतात. इथे एक गंमत आहे. पूर्वी घराघरांत पाटा-वरवंटा असायचा आणि पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घेत. टाकीवालीची हाक माझ्या पिढीने ऐकलीय. टाकी लावली की पाट्याचे खड्डे पुन्हा खोल होतात. ठसा घासला की मात्र उलट होतं : वरचा थर जातो, म्हणून खोलगट नक्षी आणखी उथळ होते. जाड अंक टिकतो, पण जे मुळातच उथळ कोरलेलं होतं, बारीक पाकळी, ‘सत्यमेव जयते’ मधला एखादा काना, ते साफ निघून जातं. नाणं चकचकीत, जमीन गुळगुळीत आणि तपशील गायब. बघणाऱ्याला वाटतं, नक्षी करायलाच विसरले की काय!

आणि एक प्रकार आहे जो झीज नाहीच, पण झिजेसारखा दिसतो. पुन्हा शाळेच्या शिक्क्याकडे या. वाळलेली शाई आणि धूळ साचून ‘मुख्याध्यापक’ मधला ‘ध्या’ भरून गेलेला असतो, बरोबर? ठशातही वंगण आणि धातूची पूड साचते. दाबाखाली ती दगडासारखी घट्ट बसते. अक्षर आधीच भरलेलं, मग धातू शिरणार कुठे? नाण्यावर ते अक्षर अर्धवट येतं किंवा येतच नाही. ठसा साफ केला की अक्षर परत. म्हणून अशी खोट झिजेसारखी वाढत जात नाही. अचानक येते, अचानक जाते. एकच अक्षर गायब आणि शेजारचं ठणठणीत, असं दिसलं की साचलेलं वंगण समजा. सगळंच सारखं मऊ, तर झीज.

आता एक कोडं घालतो, कारण याचा उपयोग इथेच सगळ्यांत जास्त होतो. नाण्यावर सालाच्या खाली टांकसाळीची खूण असते. मुंबईची चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखा छोटा आकार. हैदराबादची पाच टोकांची चांदणी. नोएडाचा ठिपका. आणि कोलकात्याची? काहीच नाही. कोलकाता सगळ्यांत आधीची म्हणून तिला खूणच दिली नाही, कोरी जागा हीच तिची खूण.

मग विचार करा. चांदणीची टोकं ठशात बुजली तर नाण्यावर काय उरेल? एक गोळा. म्हणजे हैदराबादचं नाणं नोएडाचं वाटेल. मुंबईची चौकट वंगणाने पूर्ण भरली तर? नाणं कोलकात्याचं वाटेल. नाणी जमवणाऱ्या एखाद्या मुलाला वाटतं, ‘या सालचं कोलकात्याचं नाणं कुणाकडेच नाही, माझ्याकडे आहे!’ अशा वेळी फक्त खुणेची जागा बघू नका, आजूबाजूचे आकडे बघा. सालाचे आकडेही फुगलेले असतील तर ठसा म्हातारा आहे, खुणेवर विश्वास नको. आकडे धारदार आणि ठिपका गोल, नेटका, तर नोएडा. भिंगाखाली तिरपा उजेड टाकला तर बुजलेल्या चौकटीची निदान एक कड तरी बहुधा दिसते.

यातूनच पैशाचा विषय निघतो. मोबाइलवर जाहिराती येतात, ‘तुमच्याकडे हे नाणं आहे? लाखो रुपये मिळवा.’ फोटोत दाखवलेलं नाणं पुष्कळदा आपण आत्ता पाहिलं तसलंच असतं, बुजलेलं अक्षर, गायब खूण. सांगून ठेवतो, म्हाताऱ्या ठशाचं नाणं दुर्मिळ नसतं. ठसा निकामी व्हायच्या आधी अशी हजारो नाणी पडून गेलेली असतात. बाजारात त्याची किंमत जेवढी लिहिलीय तेवढीच. नाणं विकून देतो म्हणून आधी ‘फी’ मागतात, रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल लोकांना जाहीर सावध केलं होतं, की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कुणाला नेमलेलंही नाही. घरातल्या मोठ्यांना हे जरूर वाचून दाखवा, कारण फसतात ते बहुधा तेच.

दुसरी बाजू नकली म्हणून नाणं नाकारण्याची. दहा रुपयांच्या नाण्यावरून मध्यंतरी केवढा गोंधळ झाला! कुणी म्हणे दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं. कुणी म्हणे रुपयाचं चिन्ह नसेल तर घेऊ नका. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं की तोपर्यंत दहा रुपयांची १४ वेगवेगळ्या नक्षीची नाणी निघालीत आणि सगळी चालतात. नक्षीतला फरक म्हणजे खोटेपणा नाही, तसाच पुसटपणा म्हणजेही नाही. बँकेच्या शाखेलाही नाणी नाकारता येत नाहीत. (मात्र हेही खरं की २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतच नाण्यांत देणं समोरच्यावर बंधनकारक आहे. दुकानदाराला चिडवायला पोतंभर नाणी नेऊ नका.)

मग खोटं ओळखायचं कसं? आपली भाषा यात हुशार आहे. खरं ते ‘खणखणीत’, खोटं ते ‘बद्द’ वाजतं. चांदीच्या रुपयाच्या काळात लोक नाणं दगडावर आपटून, वाजवूनच घेत. नाद येतो तो आतल्या धातूमुळे, वरच्या छापामुळे नाही. त्यामुळे झिजलेल्या ठशाचं नाणंही खणखणीतच वाजतं. फक्त दहा रुपयांच्या नाण्याला हा नियम लावू नका. ते दोन तुकडे एकात एक बसवलेलं असल्याने त्याचा नाद मुळातच दबका असतो. वजन आणि मापही ठशाच्या वयाने बदलत नाही, कारण ते चकती आणि कडं ठरवतं. २०११ च्या मालिकेतलं पाच रुपयांचं पितळी नाणं २३ मिलिमीटर आणि ६ ग्रॅम, दहाचं २७ मिलिमीटर आणि ७.७१ ग्रॅम. चेहरा कितीही पुसट असो, सराफाच्या काट्यावर ते साधारण एवढंच भरलं पाहिजे. एक-दोन रुपयांच्या स्टीलच्या नाण्याला लोहचुंबक चिकटतं, तेही करून बघा. बनावट नाण्यात बहुधा वजन, जाडी किंवा कड यांतलं काहीतरी चुकलेलं असतं. नुसता पुसट चेहरा हा पुरावा नाही.

इथपर्यंत आजच्या नाण्यांचं झालं. पण आपण नाशिकचे, आणि ठशाची गोष्ट नाशिकात करायची तर जोगलटेंभी सोडून चालणार नाही.

गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळचं हे गाव. १९०६ साली इथे जमिनीत चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. थोडाथोडका नाही, १३,२५० च्या वर नाणी! सगळी क्षहरात क्षत्रप नहपान या राजाची. पांडवलेण्यात दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, तोच हा नहपान. प्रत्येक नाणं जेमतेम दोन ग्रॅमच्या आसपास, एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख.

रेव्हरंड स्कॉट यांनी या नाण्यांचा अभ्यास केला. त्यात लक्षात येण्यासारखी गोष्ट अशी की एकाच राजाचे चेहरे नाण्यानाण्यावर निराळे आहेत. कुठे तरुण, कुठे म्हातारा, कुठे नाक बाकदार, कुठे सरळ. कारण तेव्हा पंचावरून ठसे काढायची पद्धत नव्हती, प्रत्येक ठसा कारागीर हाताने कोरायचा. एक झिजला की दुसरा, आणि दुसरा कोरणारा हात निराळा. ग्रीक अक्षरं तर बऱ्याच नाण्यांवर बिघडलेली आहेत. ती झिजेने नाही, कोरणाऱ्याला ग्रीक येत नसावं म्हणून! आधीचं बघून चित्रासारखं उतरवलं की असंच होतं. तुम्ही फळ्यावरचं न वाचता उतरवता तेव्हा वहीत काय होतं, ते आठवा.

आणि पुढची गोष्ट याहून मोठी. या साठ्यातल्या ९,२७० च्या आसपास नाण्यांवर दुसऱ्याच राजाचा ठोका आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, पण त्याची नाणी वितळवली नाहीत. त्यांच्यावरच आपला ठसा मारला, एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि खाली नागमोडी रेघ, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. खालून नहपानाचं कपाळ, नाक, एखादं ग्रीक अक्षर डोकावत राहतं. ज्याला माहीत नाही तो म्हणेल, घासलेलं नाणं आहे. पण इथे पुसटपणाचं कारण ना वापर, ना झिजलेला ठसा. एका राज्यावर दुसरं राज्य आलं. इतकी नाणी हातोड्याने एकेक करून पुन्हा ठोकायला किती माणसं आणि किती ठसे लागले असतील, याचा विचार करत मी कधीकधी बसतो.

ठशाची झीज इतिहासकाराला उपयोगी पडते ती अशी. हाताने कोरलेला प्रत्येक ठसा वेगळा, म्हणून कुठली नाणी एकाच ठशाची हे जुळवता येतं. त्यांतलं एक ताजं, दुसऱ्यावर बारीक तडा, तिसऱ्यावर तोच तडा काठापर्यंत गेलेला, तर आधी कुठलं आणि नंतर कुठलं हे नाण्यावर साल नसतानाही सांगता येतं. हाताने ठोकायच्या पद्धतीत खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असे आणि वरचा हातात धरून त्यावर घण पडे. घण सोसणारा वरचा आधी जायचा. त्यामुळे खालची बाजू तीच, पण वरची बदललेली, अशा साखळ्या सापडतात, आणि त्या साखळ्यांवरून नाण्यांचा क्रम लागतो.

शिवराईबद्दल एक वाक्य, कारण दरवर्षी कुणीतरी घरातली शिवराई वर्गात आणतं. तिच्यावर ‘छत्रपति’ मधलं एखादं अक्षर नसलं तर लगेच झीज म्हणू नका. तांब्याच्या तुकड्यापेक्षा ठसा पुष्कळदा मोठा असे, ठोकाही मधोमध बसेलच असं नाही, म्हणून अक्षर नाण्याच्या बाहेरच राहून जाई.

जुनी नाणी प्रत्यक्ष बघायची असतील तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा, आणि भिंग बरोबर न्या.

आता घरी करायची कृती. सुरुवातीला मांडलेली नाणी पुन्हा घ्या. मोबाइलचा टॉर्च वरून धरू नका, टेबलाच्या पातळीवर आडवा धरा. तिरप्या उजेडात उठावाच्या सावल्या पडतात आणि न दिसणाऱ्या रेषा दिसायला लागतात. नाणी चिंच, लिंबू किंवा राखेने अजिबात घासू नका, मळाबरोबर आपण शोधतोय त्या खुणाही जातील. फार तर साबणाच्या पाण्यात बुडवून टिपून घ्या. मग प्रत्येक नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा आणि छाप वहीत चिकटवा. शेजारी साल, टांकसाळीची खूण, कुठे पुसट आहे आणि तुमच्या मते कारण काय, एवढं लिहा. कारणापुढे ‘नक्की’ की ‘अंदाज’ तेही लिहा. दोन नाण्यांवर अगदी एकाच जागी एकसारखी उंच रेघ सापडली तर ती दोन्ही एकाच ठशातून पडलेली आहेत. तसं झालं तर मला सोमवारी वर्गात दाखवा, मला बघायचंय.

आणि नाणी ज्याची त्याला मोजून परत द्या.